दोन्हीकडे दोनशे वीस

दीपमालाच्या प्रयोगशाळेत सगळा खेळ दम धरण्याचा होता. लेझरचा एक ठोका धातूच्या तुकड्यावर पडायचा, टच्चकन आवाज यायचा, टाचणीच्या डोक्याएवढी ठिणगी उडायची, झालं. त्या ठिणगीच्या उजेडावरून धातूत काय काय मिसळलंय ते ओळखायचं. पण घाई केली की फसलात. पहिल्या क्षणी ठिणगी इतकी तापलेली असते की नुसता पांढरा भगभगाट. त्यात कोण तांबं अन् कोण शिसं, काही पत्ता लागत नाही. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन तुकडे थांबा, म्हणजे दोन मायक्रोसेकंद. मग भगभगाट ओसरतो आणि ज्याची त्याची रेष वेगळी उभी राहते. म्हणून कॅमेरा तेवढा उशिरा उघडायचा. पाच वर्षं ही पोरगी विद्यापीठात एवढंच शिकली, की कधी बघायचं. आणि नेमकी तिथंच तिनं माती खाल्ली.

खाल्ली ती मागच्या माघात. कळली या पौषात, भर दुपारी, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिताना.

ठिणगी विझत जाते तशी शिशाची रेष कशी बारीक होत जाते, असा एक ग्राफ तिला काढायचा होता. जुन्या सगळ्या फायली उघडून ती एकेक ठिपका मांडत होती. सगळे ठिपके गुणी पोरांसारखे उताराला बसले आणि एकच वर आभाळात जाऊन बसला. तिनं ती फाइल उघडली. फाइलच्या कोपऱ्यात यंत्र आपलं आपण दोन आकडे लिहून ठेवतं, एक लेझरचा, एक कॅमेऱ्याचा. लेझर दोनशे वीस. कॅमेरा दोनशे वीस. खाली नमुन्याचं नाव तिच्याच हातचं होतं: ‘पिशोर, कल्हई, मोतीरामकाका’.

तिनं ते दोन आकडे पुन्हा वाचले.

हे दोनशे वीस काय, ते सांगायला हवं. यंत्रातला दिवा आधी पेटतो, मग जरा वेळानं लेझर सुटतो. तो वेळ, मायक्रोसेकंदांत मोजलेला, म्हणजे लेझरचा आकडा. नेहमीच्या कामाला एकशे ऐंशी. कॅमेऱ्याचा आकडाही दिवा पेटल्यापासूनच मोजायचा, आणि तो दोननं जास्त ठेवायचा, म्हणजे एकशे ब्याऐंशी. लेझरची ताकद कमी करायचा जो रीतसर भाग असतो, तो चार वर्षांपासून मोडून पडला होता आणि नव्याची फाइल कुठल्या टेबलावर झोपली होती ते देवाला ठाऊक. मग पोरांनी आपली युक्ती काढली. लेझर उशिरा सोडायचा, दोनशे वीसला. ताकद निम्मी होते. तेव्हा कॅमेरा दोनशे बावीस. हे सगळं कुणा जुन्या विद्यार्थ्यानं एका चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवलं होतं, आणि त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर अख्खी प्रयोगशाळा चालत होती.

मागच्या वर्षी पाहणीला समिती येणार म्हणून विभागात एकच धावपळ उडाली. फरशी घासली, कुंड्या आणल्या, आणि यंत्रांवरचे चिठोरे काढून टाका, बरं दिसत नाही, असा हुकूम निघाला. ती चिठ्ठी कोमट पाण्यानं भिजवून, ब्लेडनं खरवडून काढली ती दीपमालानंच. आकडे तोंडपाठ आहेत म्हणाली. पाच दिवसांनी तिनं मोतीरामची पट्टी यंत्राखाली ठेवली. कल्हईचा थर पातळ, पूर्ण ताकदीनं ठोका दिला तर आरपार पितळेत जाईल, म्हणून तिनं जपून लेझर दोनशे वीसवर नेला. आणि पाठ असलेला तोच आकडा कॅमेऱ्यालाही देऊन मोकळी झाली. कॅमेरा भगभगाटातच उघडला. कल्हई चढताना पितळेतलं थोडं तांबं तिच्यात उतरतंच, त्याची रेष त्या घटकेला इतकी फुगलेली असते की शेजारच्या शिशाच्या जागेवर पाय पसरून बसते. वरचा पांढरा उजेड संगणकानं आपोआप वजा केला आणि उरला तो एक गुबगुबीत उंचवटा. शुद्ध कथलाची नोंद आदल्या आठवड्यात घेतलेली होतीच, बरोबर वेळेवर घेतलेली. तीच शेजारी ठेवून तिनं ताडून पाहिलं. पुन्हा घेतली असती तर तिच्याही रेषा फुगलेल्या दिसून चूक कळली असती, दहा मिनिटं लागली असती.

दहा मिनिटं नव्हती का तिच्याकडे? होती की. पण दादांचे फोनवर फोन येत होते.

दादा म्हणजे तिचे वडील काकासाहेब, पिशोरच्या सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. गावात दरवर्षी माघात हरिनाम सप्ताह होतो, सात दिवस सगळं गाव पंगतीला असतं. त्याच्या आठ दिवस आधी देवळाच्या खोलीतून पितळेची मोठाली पातेली बाहेर निघतात आणि मारुतीच्या ओट्यासमोर, लिंबाखाली, मोतीराम भट्टी लावतो. हा मोतीराम भीमनगरातला. पोरवयात शहरात सिटी चौकातल्या एका मुसलमान उस्तादाकडे राहून कल्हई शिकून आला. त्यानं पहिल्यांदा सप्ताहाच्या भांड्यांना हात लावला तेव्हा चार म्हातारे पंगतीतून उठून गेले होते. दीपमालाच्या आज्यानं सांगितलं, उठणाऱ्यांनी उठावं, कल्हई हाच करील. त्याला तीस वर्षं झाली. म्हातारे गेले, त्यांची पोरं मोतीरामच्या कल्हईतली आमटी भुरकून खाऊ लागली. सप्ताहाची भांडी तो करतो म्हटल्यावर कन्नड तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांनी डोळे झाकून आपली भांडी त्याच्यापुढं टाकली.

मागच्या माघात कमिटीतल्या पुंडलिकच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, शिसं पोटात जातं, मेंदू सडतो, असं काय काय. पुंडलिकला मोबाइलवर आलेलं सगळं खरं वाटतं. त्यानं बैठकीत विषय काढला. मोतीराम रागावला नाही. उलट तोच म्हणाला की काकासाहेबांची लेक शहरात हेच तर शिकते, तिलाच तपासू द्या. दीपमाला नेमकी गावाला आलेली. त्यानं तिच्यासमोर वीतभर पितळी पट्टी तापवली, नवसागर चोळला, कथील फिरवून कापसानं पुसली आणि अजून कोमट होती तोच तिच्या हातात ठेवली.

“घ्या ताई. तुमी सांगाल ते खरं.”

आणि ताईनं काय सांगितलं? ग्राफचा फोटो काढला, त्या उंचवट्याभोवती लाल गोल काढला, दादांना पाठवला आणि खाली लिहिलं: ‘शिसं दिसतंय.’ ना ‘बहुतेक’, ना ‘पुन्हा बघते’. काकासाहेबांनी तो फोटो ओट्यावर उभं राहून गावाला वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत तो लाल गोल तालुकाभर फिरला. सप्ताहाला अॅल्युमिनियमची भांडी आली. मोतीरामनं दोन-चार जणांपुढं हात जोडले, मग गप्प झाला, आणि पावसाळ्याआधी बायकोला घेऊन गाव सोडून गेला.

आईनं हे फोनवर सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की काही लोक आता म्हणतात, आमचे म्हातारे उठून गेले होते ते काय उगाच? दीपमालाला ते ऐकून कसंतरीच झालं होतं. पण तेव्हा ती मूग गिळून बसली. विज्ञानानं सांगितलंय, त्यात आपण काय करणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. आता त्या विज्ञानाच्या कोपऱ्यात दोनशे वीस, दोनशे वीस लिहिलेलं होतं, आणि ते तिच्याच बोटांनी टाकलं होतं.

पट्टी ड्रॉवरमध्ये होती. तिनं ती काढून यंत्राखाली ठेवली. लेझर दोनशे वीस. कॅमेरा दोनशे वीस: तोच गुबगुबीत उंचवटा. दोनशे वीस पॉइंट पाच: जरा रोडावला. एकवीसला तो बाजूला सरकल्यासारखा दिसला. साडेएकवीसला कळलंच की त्याचा मध्य शिशाच्या जागी नाहीच. बावीसला तांब्याची रेष आपल्या घरात सरळ उभी राहिली आणि शिशाची जागा झाडून काढल्यासारखी रिकामी. मग तिनं जिथं आधी कुणी ठोका दिला नव्हता अशा दहा जागा निवडून पुन्हा मोजलं. दहाच्या दहा वेळा रिकामी. शुद्ध कथील. उस्तादानं शिकवलं तसं.

ती स्टुलावर बसली आणि रडली. लाज वाटली म्हणून रडली, दुसरं काही नाही.

सुदर्शन सर तिचे मार्गदर्शक. माणूस वाईट नाही, पण सेवानिवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि कटकट नको असते. त्यांनी ग्राफ पाहिले, चष्मा काढून कपाळ चोळलं. म्हणाले, प्रबंधात दुरुस्त कर, चुकीतून काय शिकलो ते दोन ओळी लिही, चांगलं दिसेल. गावाचं काय, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले की गावाला विभागाच्या कागदावर काही दिलेलं नाही, सही नाही, शिक्का नाही. तू घरी फोनवर काहीतरी बोललीस, ते विसर. मौखिक परीक्षा तोंडावर आहे, बाहेरून परीक्षक येणार, त्यांच्या कानावर कशाला घालतेस. दीपमालानं ऐकून घेतलं. सही-शिक्का नव्हता तरी एक माणूस गावातून उठला, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

रविवारी ती चिकलठाण्याला गेली. पत्ता आईनं कुणाकडून तरी काढून दिला. विमानतळाच्या पलीकडे नव्या इमारती उठताहेत, त्यातल्या एकीच्या फाटकाशी पत्र्याची खोली आणि खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमनच्या निळ्या गणवेशात मोतीराम. गणवेश कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा असावा, बाह्या दुमडलेल्या होत्या. तिला पाहून तो उठून उभा राहिला. तिनं जय भीम घातला, त्यानं जय भीम केला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. मनकर्णाबाई, त्याची बायको, आतून बाहेर आली, तिनं ओळखलं आणि चहाचं आधण ठेवलं.

दीपमालानं सगळं सांगितलं. यंत्र, दिवा, चिठ्ठी, दोन आकडे. सांगता सांगता तिला जाणवलं की आपण अवघड शब्दांच्या आड लपतोय. मग तिनं ते सोडून दिलं आणि सरळ म्हणाली, “काका, तुमच्या कथलात शिसं नव्हतं. चूक माझी झाली. मी थांबले नाही.”

मोतीरामनं विचारलं, किती थांबायचं होतं. तिनं सांगितलं, डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याचे लाख भाग करा, त्यातलं जेमतेम एक-दोन. त्यानं मान हलवली. थट्टा केली नाही, चिडलाही नाही. त्यानं फक्त एवढं सांगितलं की नवसागर टाकला की धूर होतो, त्या धुरात कथील कुठं बसलं ते दिसत नाही, नवीन पोरगं घाईनं पुसायला जातं अन् भांडं डागाळतं. उस्ताद अशा वेळी मनगटावर चिमटा मारायचा. तिनं विचारलं, काका, पुन्हा काम सुरू कराल ना? तो फाटकाकडे बघत बसला, आणि दीपमालाला वाटलं, यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलली ती मनकर्णाबाई. चहाचा कप तिच्यापुढं ठेवून ती खालीच बसली आणि म्हणाली की गावात बाया घागरी घेऊन दारात यायच्या, मग त्याच बाया आम्हाला बघून रस्ता ओलांडायला लागल्या. सून बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडून निरोप आला, तुमच्या भांड्यात शिजवलेलं पोरीला घालू नका. दीपमाला पुन्हा पुन्हा म्हणाली, मी सगळ्यांना फोन करते, सरपंचांना भेटते, लिहून देते. म्हातारीनं हात वर करून तिला थांबवलं.

“फोन नगं बाई. ज्या वट्यावर वाचलं त्याच वट्यावर वाचा. ज्या तोंडानं वाचलं त्याच तोंडानं.”

मोतीराम म्हणाला, जाऊ दे. ती म्हणाली, नाय जाऊ देत.

त्याच तोंडानं, म्हणजे काकासाहेबांच्या. आणि ओटा म्हणजे मारुतीचा ओटा. आता पिशोरची रीत अशी की मारुतीच्या ओट्यावर बाईमाणूस चढत नाही. कमिटीची बैठक तिथं, वाचन तिथं, गावाचा निवाडा तिथं. बायका खाली लिंबाच्या बाजूला बसून ऐकतात. दीपमालानं लहानपणापासून ते पाहिलं होतं आणि त्यात काही वाटण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे ती स्वतः वर जाऊन वाचू शकत नव्हती. दादांनाच वाचावं लागणार होतं.

ती गावी गेली तेव्हा दादा ऐकतील असं तिला वाटलं होतं. माणूस तापट, पण खोटं खपवून घेणारा नाही. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा विचारलं की खात्री आहे का, आणि मग पान लावत बसले. म्हणाले, मोतीरामला यंदा बोलावून घेतो, भांडी त्यालाच देतो, गुपचूप विषय मिटवतो. वाचायबिचायचं काही कारण नाही. तिनं मनकर्णाबाईचं म्हणणं सांगितलं तसे ते भडकले. लेकीची चूक मी गावापुढं वाचून दाखवू? उद्या सोयरीक आली तर पाहुणे पहिलं हेच विचारतील, की एवढी शिकली अन् एका म्हाताऱ्याचं वाटोळं करून बसली. परीक्षा व्हायचीय तुझी. बाप आहे मी, वैरी नाही.

“दादा,” ती म्हणाली, “त्यांचं नाव गुपचूप गेलं नव्हतं.”

काकासाहेबांनी पान तोंडात टाकलं आणि शेताकडे निघून गेले. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. आई दोघांच्या मधे ताटं सरकवत राहिली. दीपमालानं त्या चार दिवसांत एक कागद लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. शेवटी सातच ओळी राहिल्या. त्यात लेझर नव्हता, मायक्रोसेकंद नव्हते. मी चुकीच्या वेळी पाहिलं, जे शिसं म्हणून दाखवलं ते पितळेतलं तांबं होतं, मोतीरामकाकांची कल्हई चोख होती आणि आहे, त्यांच्यावर आलेला बोल माझ्यामुळं आला, एवढंच. तो कागद तिनं दादांच्या डायरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या उशीजवळ परत आलेला होता.

सप्ताहाच्या आठ दिवस आधी बैठक भरली, सकाळी दहाला. ओट्यावर कमिटी, खाली गाव. मोतीराम आणि मनकर्णाबाई सकाळच्या गाडीनं आले होते. लिंबाखाली जिथं तो भट्टी लावायचा, तिथं ग्रामपंचायतीनं आता फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसवलेत. तीस वर्षांच्या राखेनं काळी झालेली जमीन त्याखाली गेली. तो त्या गट्टूंच्या कडेला उभा राहिला, वर पाय ठेवला नाही. दोघाचौघांनी त्याला पाहिलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

काकासाहेबांनी कीर्तनकारांची यादी वाचली. पाण्याच्या टँकरचं ठरलं, मंडपाचं ठरलं, पंगतीत वाढायला कोणत्या वस्तीची पोरं घ्यायची ते ठरलं. आणखी कुणाला काही विचारायचंय का, असं ते म्हणाले, आणि वही मिटली. खालून दीपमाला म्हणाली, मला विचारायचंय. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पुंडलिकनं नारळ उचलला. आता गजर झाला की बैठक संपणार.

दीपमाला उठली, ओट्यापर्यंत गेली आणि तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बायकांमध्ये कुजबुज उठली. वरचा एक म्हातारा अर्धा उभा राहिला. तिनं दुसरा पाय उचलला तेव्हा काकासाहेब तरातरा पुढं आले, वाकले आणि तिच्या हातातला कागद त्यांनी ओढून घेतला. ते खऱ्यासाठी आले असं म्हणायची सोय नाही. लेक ओटा चढू नये म्हणून आले. पण कागद हातात आला, सगळं गाव बघत होतं, आणि आता तो खिशात घालता येण्यासारखा राहिला नव्हता.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या दोन ओळी भरभर, वैतागून वाचल्या. तिसऱ्या ओळीला वेग मंदावला. मोतीरामचं नाव आलं तिथं ते थांबले, खाली पाहिलं, त्याला शोधलं, आणि मग राहिलेल्या ओळी त्याच्याकडे बघत सावकाश वाचल्या. शेवटी दीपमालाचं नाव होतं. ते वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि स्वतःहून एक वाक्य जोडलं, जे कागदात नव्हतं.

“पोरीनं पाठवलं, अन् म्या न इचारता वाचलं.”

मग पुंडलिक म्हणाला, मशीनबी चुकतंय म्हणायचं. मशीन नाही चुकलं, मी चुकले, असं दीपमाला खालून म्हणाली. पण तेवढ्यात गावाला एकदम मोकळं वाटायला लागलं होतं. हळूहळू सगळेच बोलू लागले. आम्हाला तवाच वाटलं होतं, मोतीराम असं करणार नाय. आमी कुठं काय म्हटलं, ते मोबाइलवर फिरलं. पार अॅल्युमिनियमला चवच नाय राव, पितळेतल्या आमटीची सर कशाला येतीय. ज्यांनी रस्ता ओलांडला होता तेच आता ये, वर ये म्हणून हात करत होते. इतक्या सहज दिलं सगळं परत, जितक्या सहज काढून घेतलं होतं. दीपमालाला त्या माणसांचा राग आला, आणि त्यांच्याहून जास्त स्वतःचा आला. शिसं दिसतंय, हे लिहिताना तिलाही असंच सहज वाटलं होतं.

काकासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पातेली खोलीतच आहेत, म्हणाले, उद्यापासून मोतीरामनं भट्टी लावावी, गट्टू चार काढू, त्यात काय. मान राखायला त्यांनी हेही म्हटलं की यंदा पहिली पंगत मोतीरामच्या हातानं वाढायची.

मोतीराम अजून तिथंच उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

“भाता नाय राह्यला, काकासाहेब. मोडीत दिला, वैजापूरच्या भंगारवाल्याला. उस्तादाचा व्हता, चामडं आता तसलं मिळत नाय.” मग तो म्हणाला, “वाचलंत, लई झालं.”

मनकर्णाबाईनं डोळ्याला पदर लावला. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, दुसरा भाता आणू, पंखा लावू मोटारीचा. मोतीराम हसला, नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. आणि तो चालत दीपमालाजवळ आला.

तिला चिकलठाण्याची ती पत्र्याची खोली आठवली. तिनं तिथं विचारलं होतं, काका, पुन्हा काम सुरू कराल ना, आणि तो फाटकाकडे बघत बसला होता. ते उत्तर होतं. तेव्हाही तिनं नीट थांबून ऐकलं नव्हतं.

“ती पट्टी हाय का, ताई?”

होती. का कुणास ठाऊक, तिनं पर्समध्ये टाकून आणली होती, पुरावा म्हणून लागेल असं वाटलं असावं. तिनं ती काढून दिली. त्यानं ती उन्हात धरली. वर्ष झालं तरी चकाकत होती, फक्त तिच्यावर काळ्या टिपक्यांच्या ओळी होत्या, सुईनं टोचल्यासारख्या, दीपमालानं दिलेले सगळे ठोके. मोतीरामनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. त्यानं शेवटची कल्हई केली ती हीच.

“मंग,” त्यानं विचारलं, जणू पट्टी त्यानं कालच तपासायला दिली होती, “कसं निघालं कथील?”

“चोख आहे, काका,” दीपमाला म्हणाली. “एकदम चोख.”

तो मान हलवत राहिला. मग त्यानं पट्टी सदऱ्याच्या खिशात घातली, टोपी डोक्यावर ठेवली आणि मनकर्णाबाईला म्हणाला, चल, साडेअकराची गाडी गाठायला हवी, दोन वाजता पाळी आहे.